जुनी इटालियन डिझायनर क्रॉकरी: घेण्याआधी आणि घेतल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिलानमध्ये नाविल्यो कालव्याच्या काठी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. इथे राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी त्या बाजारात पुस्तकांसाठी एक कपाट शोधायला गेले आणि परतले ती सहा खोलगट प्लेट घेऊन. त्या प्लेटमध्ये आम्ही आजही वरणभात जेवतो. तेव्हापासून पुण्यातल्या मावशीपासून न्यू जर्सीतल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांचे जवळपास तेच प्रश्न येत राहिले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते.

"व्हिंटेज इटालियन डिझायनर" म्हणजे नेमकं काय? जुनं ते सगळंच डिझायनर का?

नाही. इटलीत भांड्यांची परंपरा शेकडो वर्षांची आहे. फाएन्झा आणि देरूता या गावांची रंगीत मायोलिका, म्हणजे चकचकीत लेप देऊन रंगवलेली मातीची भांडी, सोळाव्या शतकातही प्रसिद्ध होती. पण ती त्या त्या गावची, त्या त्या कुंभारांच्या घराण्यांची कला. "डिझायनर" म्हणताना आपण वेगळी गोष्ट बोलतो: एका ठरावीक माणसाने कागदावर काढलेलं, कारखान्यात अनेक नगांत बनलेलं आणि त्या माणसाच्या नावाने ओळखलं जाणारं भांडं. या गोष्टीची सुरुवात मी १९२३ पासून धरते. त्या वर्षी जिओ पोन्ती हा तिशीतला आर्किटेक्ट रिशार-जिनोरी या चिनी मातीच्या कंपनीचा कला-संचालक झाला.

"अँटिक" आणि "व्हिंटेज" हे शब्द विक्रेते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. शंभर वर्षांवरचं ते अँटिक, असा सर्वसाधारण संकेत आहे. या पानावरच्या बहुतेक वस्तू त्याहून तरुण आहेत.

इटलीत ताटल्या आणि किटल्या आर्किटेक्टांनी का काढल्या?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इटलीत वस्तूंचं डिझाइन शिकवणारी वेगळी विद्यालयं जवळजवळ नव्हती. ज्याला वस्तू घडवायच्या असत तो आर्किटेक्चर शिकायचा. पोन्तीने मिलानची पिरेल्ली इमारत बांधली, १९२८ मध्ये 'दोमुस' हे मासिक सुरू केलं आणि त्याच हाताने फुलदाण्या आणि काटे-चमचेही काढले. आकिल्ले कास्तिल्योनी, एत्तोरे सोत्सास, आल्दो रोस्सी हे सगळे आर्किटेक्टच. घर बांधणाऱ्यानेच त्या घरातला चमचाही विचारात घ्यावा, हे त्यांना स्वाभाविक वाटत होतं.

दुसरं कारण युद्धानंतरचं. शहरं भरत होती, घरं लहान होती, मोलकरीण ठेवणं मध्यमवर्गाला परवडेनासं झालं होतं. मोठ्या कपाटात ऐसपैस मांडायचा शंभर नगांचा सेट ठेवायचा कुठे? मग एकावर एक रचता येतील अशी भांडी आली. पोन्तीनंतर जिनोरीची धुरा सांभाळणाऱ्या जोवान्नी गारिबोल्दीने पन्नासच्या दशकात 'कोलोन्ना' हा सेट काढला. नावाचा अर्थच खांब. कप, वाडगे, झाकणं एकमेकांवर बसून एक सरळ खांब उभा राहतो. १९६४ मध्ये मास्सिमो आणि लेल्ला विन्येल्ली या दांपत्याने हाच विचार मेलामाइनमध्ये केला. रोबेर्तो साम्बोनेतचा 'सेंटर लाइन' हा त्याच सुमाराचा: स्टीलची आठ गोल भांडी, एकात एक अशी बसलेली की वरून पाहिलं तर पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी दिसतात. डब्यात डबा बसवून फडताळ लावणाऱ्या आपल्या घरांना यातली बुद्धी लगेच कळते.

'कोंपास्सो दोरो' असं लिहिलेलं असतं. ते काय आहे?

'सोन्याचा कंपास', म्हणजे इटलीचा सर्वात मानाचा डिझाइन पुरस्कार. मिलानच्या ला रिनाशेन्ते या डिपार्टमेंट स्टोअरने तो १९५४ मध्ये पोन्तीच्या कल्पनेतून सुरू केला. एका दुकानाने सुरू केला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण बक्षीस संग्रहालयातल्या वस्तूला नव्हतं, लोक विकत घेऊन वापरतील अशा वस्तूला होतं. विन्येल्लींच्या मेलामाइनला तो १९६४ मध्ये मिळाला, 'सेंटर लाइन'ला १९७० मध्ये. मिलानमध्ये २०२१ पासून या पुरस्कारप्राप्त वस्तूंचं संग्रहालय आहे. खरेदीला निघण्याआधी एक दुपार तिथे घालवा; नजर तयार होते.

जिनोरीच्या मागच्या खुणा कशा वाचायच्या?

आधी थोडा इतिहास, कारण खुणा त्यावरूनच लागतात. १७३५ मध्ये उमराव कार्लो जिनोरी यांनी फ्लोरेन्सजवळ दोच्च्या इथे पोर्सलीनची भट्टी सुरू केली. १८९६ मध्ये ती मिलानच्या रिशार या कंपनीशी जोडली गेली आणि 'रिशार-जिनोरी' हे जोडनाव तयार झालं. तेव्हा ज्या भांड्यावर हे जोडनाव आहे ते १८९६ नंतरचं, मग विक्रेता काहीही सांगो. '१८८० ची रिशार-जिनोरी' म्हणून प्लेट दाखवणारे मला दोनदा भेटले आहेत. २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि गुच्चीने ती विकत घेतली. आता ती 'जिनोरी १७३५' या नावाने ओळखली जाते. म्हणजे तीन काळांची तीन नावं, आणि एवढ्यावरच अर्ध्या शंका मिटतात.

दुसरी गोष्ट: दोच्च्याचं पोर्सलीन आणि मिलानच्या सान क्रिस्तोफोरो कारखान्यातली पांढरी मातीची भांडी, दोन्हींवर हेच जोडनाव दिसतं. पण दोन्ही एक नव्हेत. प्लेटमागे मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून बोटं फिरवा. बोटांची सावली आरपार दिसली तर पोर्सलीन. प्रकाश अडला तर तेर्राल्या, म्हणजे सच्छिद्र पांढरी माती. दुसरीही सुंदर असते, पण किंमत आणि वापर वेगळा.

पोन्तीची प्लेट बाजारात मिळेल का?

विसाच्या दशकातली, त्याने स्वतः देखरेख केलेली वस्तू सहसा बाजारात मिळत नाही. ती लिलावगृहात येते किंवा संग्रहालयात असते. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ज्या कामाला ग्राँ प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळालं, ते हे काम. प्राचीन रोमन आणि एट्रुस्कन आकृत्या, ढगांवर किंवा दोरखंडांवर रेललेल्या निवांत बायका, सोनेरी बारीक रेघा. जिनोरीने यातली काही चित्रं अलीकडे पुन्हा काढली आहेत. ती अधिकृत आहेत, देखणी आहेत, फक्त जुनी नाहीत. बुडाचं कडं अगदी कोरं, एकही घासल्याची खूण नाही आणि तरी 'शंभर वर्षांची' म्हणून सांगत असतील तर थांबा.

पोन्तीचं काही घरी आणायचंच असेल तर त्याचे काटे-चमचे शोधा. १९५१ मध्ये क्रुप्प या कंपनीसाठी काढलेले काटे हातात धरून बघा. काट्याचे दात आखूड आहेत. त्याचं म्हणणं सरळ होतं: अन्न दातांच्या टोकावर उचललं जातं, मग लांब दात कशाला?

फोर्नासेत्तीच्या प्लेटवरचा तो चेहरा कोणाचा?

लीना काव्हालिएरी या इटालियन ऑपेरा गायिकेचा. जन्म १८७४, मृत्यू १९४४. मिलानच्या पिएरो फोर्नासेत्ती या चित्रकार-डिझायनरला एका एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मासिकात तिचं चित्र सापडलं आणि त्या चेहऱ्याने त्याला पुढे आयुष्यभर सोडलं नाही. चेहरा घड्याळ होतो, चंद्र होतो, गरम हवेचा फुगा होतो, किल्लीच्या भोकातून बघतो, जीभ दाखवतो. 'तेमा ए व्हारियात्स्योनी', म्हणजे 'विषय आणि त्याची रूपं', या मालिकेत साडेतीनशेहून जास्त रूपं झाली. मला यात नेहमी आपला ख्याल आठवतो. बंदिश दोन ओळींची, आणि गाणारा तेवढ्यातच रात्रभर फिरतो.

फोर्नासेत्ती १९८८ मध्ये गेला. मुलगा बार्नाबा याने काम चालू ठेवलं आहे, त्यामुळे तीच चित्रं आजही नवी बनतात. जुनी-नवी वेगळी करताना घाई करू नका. मागची खूण, क्रमांक, छपाईची धार आणि पांढऱ्या रंगाची छटा हे सगळं एकत्र बघावं लागतं. नवशिक्याला मी वार्षिक कॅलेंडरच्या प्लेट सुचवते. १९६८ पासून दर वर्षी एक निघते, वर्ष प्लेटवरच छापलेलं असतं, म्हणजे तारखेचा वाद नाही. कुणाच्या जन्मवर्षाची प्लेट भेट द्यायला यापेक्षा सुंदर वस्तू मला सुचत नाही.

त्यात जेवता येतं का?

चेहऱ्यांच्या प्लेटमध्ये जेवू नका. त्या भिंतीवर लावायच्या आहेत. सुरीचा एक ओरखडा लीनाच्या गालावर कायमचा राहतो. बारा-बारा प्लेट जुळवल्या की 'आदम' आणि 'इव्ह' पूर्ण होतात अशीही त्याची एक मालिका आहे. तीही भिंतीवरच शोभते, आणि बारापैकी एक फुटली तर अकरा नगांची किंमत पडते.

लाव्हेनो हे नाव फारसं ऐकलं नाही. घ्यावं का?

जरूर घ्यावं. माझ्या मते आज सर्वात कमी पैशात सर्वात जास्त डिझाइन इथेच मिळतं. लागो माज्जोरे या सरोवराच्या काठी लाव्हेनो गावात १८५६ मध्ये हा कारखाना सुरू झाला. विसाच्या दशकापासून गुइदो आंदलोवित्झने तिथे कितीतरी सेट काढले, अगदी रोजच्या जेवणाचे. युद्धानंतर आंतोनिया काम्पी आली. तिचे वाडगे आणि बश्या बघितल्या की वाटतं माती अजून ओलीच आहे, कोणीतरी नुकताच काठ बोटाने ओढला आहे. एकही बाजू दुसरीसारखी नाही आणि तरी भांडं तोललेलं. त्या काळी कारखान्यात एका स्त्रीला हे करू दिलं जाणं साधी गोष्ट नव्हती.

१९६५ मध्ये लाव्हेनो रिशार-जिनोरीत विलीन झालं. मागे 'एस. सी. आय. लाव्हेनो' ('सोचिएता चेरामिका इतालियाना' या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरं) असेल तर ते त्याआधीचं समजायला हरकत नाही. काम्पीच्या स्वतंत्र कलाकृतींचे भाव आता वर गेले आहेत, पण आंदलोवित्झच्या साध्या प्लेट, सूपची भांडी, फळांची तबकं इटलीच्या बाजारात अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. माझ्या त्या पहिल्या सहा प्लेट लाव्हेनोच्याच. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. काठाची निळी रेघ आवडली म्हणून घेतल्या.

सरोवराकाठी चेर्रो इथे या भांड्यांचं छोटं संग्रहालय आहे. मिलानहून दिवसभरात जाऊन येता येतं.

आलेस्सी या इटालियन कंपनीच्या वस्तू तर आजही दुकानात मिळतात. मग जुन्या का शोधायच्या?

बरोबर आहे, आणि मी प्रत्येकाला जुनीच घ्या असं म्हणणार नाही. सोत्सासने १९७८ मध्ये काढलेला तेल-व्हिनेगर-मीठ-मिरीचा स्टँड, मायकल ग्रेव्हजची १९८५ ची पक्ष्याच्या शिट्टीची किटली, रोस्सीचं 'ला कोनिका' कॉफीपात्र या गोष्टी अजून बनतात आणि नव्या घेतल्या तर गॅरंटीसकट मिळतात. मध्यंतरी बंद झालेल्या वस्तू मात्र जुन्याच घ्याव्या लागतात.

आलेस्सीचा कारखाना १९२१ पासून ओर्ता सरोवराच्या टोकाला ओमेन्या गावात आहे. खुणेवरून काळ ओळखायला सोपा: 'आल्फ्रा' असं लिहिलेलं असेल तर सत्तरच्या दशकाआधीचं, हे 'आलेस्सी फ्रातेल्ली' म्हणजे 'आलेस्सी बंधू' यांचं संक्षिप्त रूप. कार्लो आलेस्सीचा १९४५ चा गोलमटोल 'बोंबे' चहा-कॉफीचा सेट आधी मुलामा दिलेल्या धातूत यायचा, नंतर स्टीलमध्ये आला. हे दोन्ही प्रकार बाजारात एकाच भावाने सांगितले जातात. मुलामा दिलेला असेल तर तोटीच्या कडेला आणि कडीच्या आतल्या बाजूला बघा. घासून खालचा धातू दिसत असेल तर भाव कमी करून मागा.

रिचर्ड सापरची १९८३ ची किटली मिळाली तर शिट्टी वाजवून घ्या. पितळेच्या दोन नळ्या आहेत, त्यातून दोन सूर निघतात. एकच निघत असेल तर नळी बुजली आहे.

मुरानोचे ग्लास खरे कसे ओळखायचे?

'मेड इन मुरानो' हे स्टिकर कोणीही छापतं, म्हणून स्टिकरवर विसंबू नका. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, आणि तेव्हापासून या नावाचा बाजार आहे, खराही आणि खोटाही. १९२१ मध्ये सुरू झालेल्या व्हेनिनी या काच कारखान्याच्या विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कामावर बुडाशी आम्लाने उमटवलेला तीन ओळींचा पुसट शिक्का असतो. तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. जेवणाच्या टेबलासाठी मला स्वतःला नासोन मोरेत्ती या कारखान्याचं काम जास्त आवडतं. उंबेर्तो नासोनच्या 'लीदिया' वाडग्यांना १९५५ चा कोंपास्सो दोरो मिळाला: आतून पांढरे, बाहेरून गडद रंगाचे. शिरा किंवा श्रीखंड त्या पांढऱ्यावर फार खुलतं.

हातफुंकी ग्लासांच्या जोडीत उंचीत थोडा फरक असतोच. सहाच्या सहा तंतोतंत सारखे असतील तर ते साच्यातले.

विकत घेताना काय काय तपासायचं?

मडकंसुद्धा वाजवून घ्यावं म्हणतात, मग प्लेट का नको? तीन बोटांच्या टोकांवर प्लेट तोला, दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारा. पोर्सलीन अख्खं असेल तर स्वच्छ, लांबत जाणारा नाद येतो. आवाज बद्द आला की कुठेतरी केसभर तडा आहे, तो डोळ्यांना दिसो वा न दिसो.

मग बोटाच्या पेराने पूर्ण काठावरून एक फेरी मारा. टवके डोळ्यांआधी बोटाला कळतात. मग बूड: कड्यावर करडी, असमान झीज हवी, कारण इतकी वर्षं ती प्लेट कुठल्या ना कुठल्या फळीवर सरकली आहे. शेवटी, नोटा तपासायचा निळा दिवा स्वस्तात मिळतो, तो जवळ ठेवा. अंधारात त्याखाली रंगवून दुरुस्त केलेला भाग वेगळा चमकतो.

ऑनलाइन घेत असाल तर इटालियन विक्रेत्याच्या वर्णनातले चार शब्द पाठ करा. 'स्बेकातुरा' म्हणजे टवका उडालेला. 'फेलातुरा' म्हणजे केसभर तडा. 'काविल्लातुरा' म्हणजे ग्लेझवर, भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, पडलेली बारीक जाळी. 'सेकोंदा शेल्ता' म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. पहिला शब्द मी माफ करते, दुसरा कधीच नाही. फोटोत मागची बाजू नसेल तर मागा. आणि काठाजवळून तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागा. समोरून काढलेल्या फोटोत ओरखडे दिसत नाहीत. माझी एकदा अशीच फसगत झाली. फोटोत काचेसारखी दिसणारी बारा नगांची रास घरी आली तेव्हा प्रत्येक प्लेटवर सुरीच्या जाळ्या होत्या.

पूर्ण सेट घ्यावा की सुटे नग?

इटलीत 'इल सेर्व्हित्स्यो बुओनो' असा शब्द आहे, म्हणजे 'चांगला सेट'. लग्नात आलेला, बारा जणांचा, फक्त पाहुण्यांसाठी आणि सणासाठी कपाटाबाहेर काढायचा. आपल्याकडे काचेच्या कपाटात पाहुण्यांच्या कपबशा असतात, तसाच. आजी जाते, नातवंडांच्या फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि पन्नास वर्षांत वीस वेळा वापरलेला सेट बाजारात येतो. म्हणूनच इथे जुने सेट इतक्या चांगल्या अवस्थेत आणि पुष्कळदा नव्या सेटहून स्वस्त मिळतात. एकगठ्ठा घ्यायची ऐपत आणि जागा असेल तर सोडू नका. सूपचं मोठं झाकणाचं भांडं शाबूत आहे का, ते आधी बघा. झाकण हरवलेला सेट अर्ध्या किमतीलाही महाग.

जागा नसेल तर सुट्या खोलगट प्लेट घ्या. इटालियन लोक पास्ता आणि सूप ज्यात खातात ती ही प्लेट. रुंद काठ, मध्ये उथळ वाटी. आमटीभाताला, खिचडीला, कढीला याहून सोयीचं भांडं युरोपात मी पाहिलं नाही. सपाट डिनर प्लेटमध्ये आपली आमटी सैरावैरा पळते.

जुन्या भांड्यांत शिसं असतं असं ऐकलं. जेवणं धोक्याचं आहे का?

हा प्रश्न गंभीरपणे घ्या. जुन्या ग्लेझमध्ये शिसं आणि लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. युरोपीय समुदायाने १९८४ मध्ये भांड्यांतून अन्नात उतरणाऱ्या शिशावर मर्यादा घातली: वाडगे, कप अशा खोल भांड्यांसाठी एका लिटरला ४ मिलिग्रॅम, शिजवायच्या भांड्यांसाठी १.५ मिलिग्रॅम. त्याआधीच्या मालाला हा नियम नव्हता.

धोका सगळीकडे सारखा नसतो. उंच तापमानावर भाजलेलं पोर्सलीन, ज्याचा रंग ग्लेझच्या खाली आहे आणि पृष्ठभाग अख्खा आहे, त्यात मी निश्चिंत जेवते. हाताने रंगवलेली मायोलिका, ग्लेझच्या वर दिलेले उठावदार रंग, जाळी पडलेली किंवा खडबडीत झालेली प्लेट यांत जेवत नाही. आणि इथे आपल्या जेवणाचा मुद्दा येतो. शिसं आम्लात उतरतं, आणि आपल्याकडे आम्ल रोज आहे: चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, ताक, लोणचं. ज्या प्लेटबद्दल शंका आहे तिच्यात सोलकढी ओतू नका आणि लोणचं रात्रभर ठेवू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर शंकेची प्लेट सरळ भिंतीवर लावा. घरी करायच्या रंग बदलणाऱ्या चाचण्यांवर एकट्या विसंबू नये; खात्री हवी तर प्रयोगशाळेकडे द्यावं. मागे 'फक्त सजावटीसाठी' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर तो शब्द अंतिम.

हळदीचे डाग पडतात का?

अख्ख्या पोर्सलीनवर नाही. जाळी पडलेल्या तेर्राल्यावर पडतात आणि आत शिरतात. मग ते निघत नाहीत. ब्लीचने आणखी नुकसान होतं. मेलामाइनवरही हळद बसते, म्हणून विन्येल्लींच्या त्या सुंदर पिवळ्या-केशरी प्लेटमध्ये मी फराळाचं कोरडं वाढते: चकली, चिवडा, लाडू. मेलामाइनमध्ये ७० अंशांवरचं गरम अन्न घालू नये आणि ते मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये.

धुवायचं आणि ठेवायचं कसं?

सोनेरी काठ असेल तर डिशवॉशर नाही, मायक्रोवेव्ह नाही, लिंबाची पावडर नाही. कोमट पाणी, मऊ फडकं, बेसिनच्या तळाला टॉवेल. अॅल्युमिनियमची भांडी, उदाहरणार्थ रोस्सीचं 'ला कूपोला', डिशवॉशरमध्ये काळवंडतात. रचून ठेवताना दोन प्लेटच्या मध्ये कागद किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घाला. वरच्या प्लेटचं कडं खालच्या प्लेटचा सोनेरी रंग खातं.

'८००' लिहिलेले चमचे चांदीचे आहेत का?

हो. इटलीत हजारात आठशे भाग चांदी हा जुना प्रचलित दर्जा आहे. १९६८ च्या कायद्यानंतरच्या तुकड्यांवर चांदणी, क्रमांक आणि प्रांताची अक्षरं असा बनवणाऱ्याचा शिक्काही असतो. 'आल्पाक्का' लिहिलं असेल तर त्यात चांदी नाही, तो तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू आहे. वर मुलामा असू शकतो. '१८/१०' म्हणजे स्टील, १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. मुलाम्याची भांडी तांब्या-पितळेच्या पुडीने घासली तर मुलामाच निघून जातो.

भारतात कसं न्यायचं?

इटलीतून बाहेर नेताना: सत्तर वर्षांहून जुनी आणि १३,५०० युरो किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू असेल तर सांस्कृतिक खात्याचा परवाना लागतो. सत्तर वर्षांवरची पण स्वस्त असेल तर स्वतःचं घोषणापत्र द्यावं लागतं. त्याहून तरुण वस्तूंना हा त्रास नाही. भारतात कस्टम्सच्या वर्गवारीत पुरातन वस्तू म्हणजे शंभर वर्षांवरची, त्यामुळे पन्नास-साठच्या दशकातली क्रॉकरी साध्या क्रॉकरीसारखीच मोजली जाते. बिल जपून ठेवा, त्यावर वर्णन स्पष्ट लिहून घ्या.

बांधणी मात्र स्वतः करा. प्लेट आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उभी प्लेट धक्का सोसते, आडवी रास खालून फुटते. प्रत्येक प्लेट वेगळी गुंडाळा, खोका हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा उघडा. तो खोका आणखी एका मोठ्या खोक्यात, मध्ये चार बोटं जागा भरून. कपांच्या कानात कागदाचा बोळा कोंबा. आईकडे आतापर्यंत मी तीन वेळा असं पाठवलं आहे आणि एकच बशी गेली, तीही मी घाईत एकाच खोक्यात बांधली होती म्हणून.

गुंतवणूक म्हणून कसं?

मी या हेतूने कधी घेतलं नाही, आणि कोणाला घ्या म्हणत नाही. फोर्नासेत्ती आणि पोन्तीचं नाव असलेल्या दुर्मीळ वस्तूंना चांगला भाव येतो हे खरं. पण बारा जणांच्या सुंदर, साध्या सेटला गिऱ्हाईक कमीच होत चाललं आहे. तुमच्या टेबलासाठी मात्र ती चांगली बातमी आहे.

फुटलेला नग टाकून द्यायचा का?

लगेच नाही. तुकडे न पुसता कागदात ठेवा, कडा घासू देऊ नका. चिकटवलेल्या प्लेटमध्ये पुन्हा जेवण वाढायचं नाही, पण फळं ठेवायला, देव्हाऱ्याजवळ फुलं ठेवायला ती चालते. फुटलेल्या नगाची जागा भरायची असेल तर मागच्या खुणेचा, काठाच्या नक्षीचा आणि व्यासाचा नीट फोटो काढून ठेवा. इटलीतल्या आरेत्सो शहरात १९६८ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याआधीच्या शनिवारी जुन्या वस्तूंची जत्रा भरते. तिथल्या विक्रेत्यांकडे सुट्या नगांची खोकी टेबलाखाली असतात. ती मागून घ्यावी लागतात, मांडलेली नसतात. माझ्या निळ्या रेघेच्या प्लेटपैकी एक मुलाच्या हातून फुटली होती. तिची जोडीदार मला तिथेच, तिसऱ्या फेरीला, अशाच एका खोक्याच्या तळाशी मिळाली.